पडशीत मावेल तेवढंच

लातूरच्या मार्केट यार्डात मी अडतीवर दिवाणजी आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांची मापं लिहिण्यात माझा दिवस जातो. तरीही पहिल्यांदा गाडीवर तंबू बांधून बाहेर पडलो तेव्हा आपल्या सामानाचं वजन करावं हे सुचलं नाही. ते परत आल्यावर केलं. काट्यावर आकडा आला ४१ किलो ६०० ग्रॅम. माझी स्प्लेंडर ११२ किलोंची. गाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त ओझं मी तिच्या शेपटावर चढवलं होतं, आणि वर मी.

ही जानेवारीतली गोष्ट. लातूरहून अंबाजोगाई, आडस, धारूर, मग घाट उतरून माजलगावच्या धरणाकाठी मुक्काम, असा बेत होता. बालाघाटाच्या पठारावरून गोदावरीच्या खोऱ्यात उतरणारा धारूरचा घाट अरुंद आहे, वळणं आवळलेली आहेत आणि हंगामात उसाच्या गाड्यांची ये-जा असते. एका वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. त्याला वाट द्यायला मी कडेला थांबलो, डावा पाय टेकला तो नेमका खडीवर. पाय सरकला आणि गाडी कलली. एरवी एवढ्याशा कलण्याला मी मांडीनं सावरून धरतो. त्या दिवशी माझ्या खांद्याएवढ्या उंचीला बांधलेली बॅग आधी कलली आणि तिनं गाडीला ओढत नेलं. गुडघा सोलला, मागच्या लोखंडी कॅरिअरचं वेल्डिंग तुटलं, तंबूची पिशवी उतारावरून खाली गेली. ट्रॅक्टरवरच्या दोघा पोरांनी गाडी उभी करून दिली, पिशवीही आणून दिली. वेग शून्य होता. उभ्या गाडीवरून पडलो.

घाट उतरल्यावर कॅरिअर जोडून घेतलं आणि हट्टानं धरणापर्यंत गेलोच. ती रात्र पडण्याहून वाईट गेली. चार माणसांचा तंबू, हवा भरायची गादी, घरची कापसाची रजई, एवढं सगळं असून पहाटे दोनला मी बसून होतो. अंगावर रजई असूनही पाठ बर्फासारखी गार. उजाडेपर्यंत दात वाजत होते. एकेचाळीस किलो वाहून आणले आणि झोप काही त्यात नव्हती.

सोमवारी अडतीवर सगळं सामान तसंच्या तसं आणलं. एकेक वस्तू काट्यावर ठेवत गेलो आणि रोजमेळासारखी वही लिहिली: एका बाजूला ग्रॅम, दुसऱ्या बाजूला ती वस्तू दोन दिवसांत किती वेळा बॅगेतून बाहेर आली. घडीची खुर्ची अडीच किलो, एकदा. छोटी गॅसची टाकी आणि शेगडी मिळून पाच किलोंच्या वर, एकदाच चहा. पाच लिटरचा पाण्याचा कॅन आणि धरणाकाठी मुक्काम! तीन जीन्स, त्यातली एकही बदलली नाही. पानं-पक्कडीची पिशवी चार किलो, आणि तीत माझ्या गाडीच्या मागच्या चाकाचा नट खोलणारा पानाच नव्हता.

आमच्या अडतीतले हमाल मामा हे सगळं बघत उभे होते. शंभर-शंभर किलोंची पोती पाठीवर वाहिलेला माणूस, आता पोतं पन्नासचं झालंय. ते म्हणाले, "दिवाणजी, सामान लई आहे ते आहेच. पण उंच लई बांधलंत तुम्ही. पोतं आम्ही अंगाला चिकटवून घेतो. अंगापासून वीतभर लांब गेलं की पन्नासाचं शंभर होतंय."

माझ्या पडण्याचं याहून नेमकं कारण मला कुणी सांगितलेलं नाही. कॅरिअर मागच्या चाकाच्या धुऱ्याच्याही मागं असतं. तिथं वजन टाकलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात भिरभिरायला लागतं. तेच वजन उंच असलं तर गाडी थोडी कलली तरी सावरायला जास्त जोर लागतो. यार्डाच्या रस्त्यानं रोज सकाळी दूधवाले जातात. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, पण चाकाच्या उंचीला लटकवलेले. माझ्याहून कितीतरी जास्त वजन घेऊन ते खड्ड्यातून सरळ जातात. वर्षानुवर्षं बघत होतो, लक्षात कधी आलं नव्हतं.

आजोबा आषाढीला पायी पंढरपूरला जायचे. त्यांच्या खांद्यावर पडशी असायची, एक कप्पा छातीवर, एक पाठीवर. तीच कल्पना घेऊन मी ताडपत्री शिवणाऱ्याकडे गेलो आणि जाड ताडपत्रीची पडशी शिवून घेतली: दोन कप्पे, मध्ये रुंद पट्टा. पट्टा सीटवर आडवा टाकायचा आणि कप्पे मागं बसणाऱ्याच्या पायदानापाशी, होता होईल तो पुढं. उजवीकडे सायलेन्सर असतो म्हणून त्या बाजूच्या कप्प्याखाली ॲल्युमिनियमचा पत्रा लावला आणि त्यात जळण्यासारखं काही ठेवायचं नाही असं ठरवलं. तळाशी हत्यारं आणि पाणी, वर कपडे. बांधायला जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या. हुकाची लवचीक दोरी मी टाकून दिली. हूक निसटून चाकात गेला तर काय होतं ते मी दुसऱ्याच्या गाडीवर पाहिलंय. दोन्ही कप्पे काट्यावर ठेवून अर्ध्या किलोच्या आत सारखे केले. ही पडशी हीच मर्यादा. हिच्याबाहेर फक्त तंबू, तोही सीटवर आडवा, माझ्या कमरेला टेकून. त्यामागचं कॅरिअर रिकामं.

मग कमी काय करायचं हा प्रश्न आला, आणि इथं माझा पहिला अंदाज साफ चुकला. सगळ्यात जास्त जागा अंथरूण-पांघरूण खातं, तेव्हा तेच कापायचं असं मी ठरवत होतो. मला थांबवलं आबांनी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून लांब नाही. आमचं घर पडलं नाही, भिंतींना तडे गेले. पण दगड-मातीच्या माळवदाखाली झोपायची छाती कुणालाच होईना, आणि तो सगळा हिवाळा आम्ही अंगणात काढला. आबा रोज संध्याकाळी अंथरूण घालायचे ते मला लख्ख आठवतं. खाली तुराट्या, त्यावर कडबा, त्यावर बारदाना, त्यावर घोंगडी. अंगावर मात्र एकच वाकळ. धरणावरच्या रात्रीची हकिकत ऐकल्यावर आबा एवढंच म्हणाले, "तू वर घालत बसलास. गारठा खालून येतो बाबा."

नंतर कळलं की साध्या हवेच्या गादीत आतली हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला देऊन टाकते. बंद कप्प्यांच्या फोमची गुंडाळी, वजन जेमतेम ४०० ग्रॅम, तिच्याहून कितीतरी ऊबदार. चटयांवर आर-व्हॅल्यू नावाचा आकडा लिहिलेला असतो. तो मोठा तेवढी जमिनीची थंडी कमी पोचते. स्लीपिंग बॅग घेतानाही असंच आकड्याकडे नीट बघावं लागतं. तिच्यावर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम अशी तीन तापमानं असतात. दुकानात मोठ्या अक्षरात दाखवतात ते बहुधा सगळ्यात खालचं. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल एवढंच, झोप लागेल असं नाही. आपल्याकडे परभणी, लातूर, बीड भागात डिसेंबर-जानेवारीत पहाट आठ-दहा अंशांवर येते, कधी त्याखालीही जाते. म्हणून कम्फर्टचा आकडा बघून घ्यायची. माझी १ किलो ४०० ग्रॅमची आहे. आणि फोमखाली अंथरायला आबांची घोंगडी, १ किलो ८०० ग्रॅम. काट्यावर ती मला फार खुपली, पण ठेवली. ओली झाली तरी लोकर ऊब धरते.

त्याच सुमारास भाच्यानं मला डाकार रॅलीचं एक चित्रण दाखवलं. त्या रॅलीत एक वर्ग असतो, 'माल मोटो'. फ्रेंचमध्ये 'माल' म्हणजे पेटी. या वर्गातल्या स्वाराला मदतनीस नाही, मेकॅनिक नाही. दिवसभर वाळवंटात गाडी मारायची आणि मुक्कामी पोचल्यावर तिची दुरुस्ती आपल्याच हातानं करायची. दोन आठवड्यांसाठी त्याला ८० लिटरची एक पेटी मिळते, जास्तीची चाकं-टायर मिळतात, आणि तंबू-अंथरूण वेगळं. मला ती शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटली. एवढं काटेकोर मोजणारे लोकही झोपेचं सामान पेटीच्या हिशेबात धरत नाहीत. दमलेला माणूस झोपला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या हातून चूक होते, आणि दोन चाकांवरची चूक महागात पडते.

तेव्हा झोप कापली नाही, स्वयंपाकघर कापलं. शेगडी, टाकी, पातेली, तेल-मिठाच्या डब्या, सगळं रद्द. मराठवाड्यात कुठल्याही एसटी स्टँडजवळ पहाटे सहाला चहा उकळत असतो आणि सातला भजी किंवा पोहे मिळतात. बरोबर मी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि खारे शेंगदाणे घेतो. कडक भाकरी आठ-आठ दिवस टिकते आणि वजनाला काहीच नाही. ज्याला रानात रांधायची हौस आहे त्यानं शेगडी जरूर न्यावी, पण मग खुर्ची घरी ठेवावी. कपड्यांचं लांबवत नाही: अंगावर एक, पडशीत एक, झोपायला कोरडे लोकरी मोजे आणि कानटोपी. झोपायचे कपडे गाडीवर कधी घालायचे नाहीत, ते कोरडे राहिले पाहिजेत.

हत्यारांवर मात्र दोन रविवार घालवले. ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे बसून ट्यूब काढणं, ठिगळ लावणं, टायर परत चढवणं शिकलो. मग घरी गाडी स्टँडवर लावली आणि दोन्ही चाकं, प्लग, क्लचची केबल, चेनचा ताण ही कामं स्वतः केली. जो पाना हातात घेतला तो बाजूला फडक्यावर. शेवटी फडक्यावर होतं तेवढंच बरोबर घ्यायचं. चार किलोंची पिशवी १ किलो ८०० ग्रॅमवर आली, त्यात हातपंप आणि एक जादा ट्यूबही बसली. दोन्ही चाकं १८ इंची आहेत म्हणून एकच ट्यूब पुरते. क्लचची जादा केबल तर बॅगेत ठेवलीच नाही. जुन्या केबलला लागून गाडीवरच बांधून टाकली. तुटली तर दोन्ही टोकं अडकवायची की झालं.

पाण्यावर मी फार विचार केला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे आमचं शहर, पाणी कमी घे म्हणताना हात कचरतो. पण लिटरला किलो हे वजन आहेच. डिसेंबरात गावोगावी पाणी असतं, तेव्हा दोन लिटर. उन्हाळ्यात चार घेईन, नाहीतर जाणारच नाही.

सगळं मिळून साडेबारा किलो. पाणी धरून साडेचौदा.

दुसऱ्या खेपेला वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, निघालो. पहिली रात्र मुद्दाम आपल्याच शेतात. दुपारी कडब्याच्या कोपीतली पांडवांची पूजा झाली, भज्जी, आंबील, उंडे पोटभर झाले, पाहुणे गेले, आणि मी ज्वारीच्या कडेला तंबू लावला. नवं सामान पहिल्यांदा अशा जागी वापरावं जिथून घर जवळ आहे. दोन गोष्टी त्याच रात्री कळल्या. ओल उतरलेली काळी माती वरून दगडासारखी आणि भेगांच्या तोंडाशी भुसभुशीत, तिच्यात तंबूचे खिळे नीट धरत नाहीत. दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. आणि तंबूच्या खिडक्या सगळ्या बंद केल्या तर आपल्याच श्वासाची वाफ आतून कापडावर जमून पहाटे अंगावर ठिबकते. बाहेर कितीही थंडी असो, वरची जाळी उघडी ठेवायची. झोप मात्र लागली. अमावस्येचा अंधार, वर चांदण्या, आणि पाठ गरम.

दुसऱ्या दिवशी किल्लारी, उमरगा करत नळदुर्ग. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात केलेला पाणी महाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. नर-मादी धबधबे पावसाळ्यात बांध भरून वाहतो तेव्हाचे, डिसेंबरात तिथं नुसता दगड. मी तरीही तासभर बसलो. सामान हलकं असलं की गाडी उभी करून किल्ला चढायला मन मागं ओढत नाही. पडशी मोकळी केली आणि खांद्यावर टाकून आत गेलो.

मुक्कामाचा माझा नियम आता पक्का आहे: पाचच्या आत जागा बघायची. अंधार पडल्यावर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रस्त्यावर असतात, कित्येकांना मागं लाल दिवाही नसतो. नळदुर्गच्या पुढं एका वस्तीवर विचारलं. शेतकरी दादांनी जागा दिली, मी हरभऱ्याच्या पट्टीशेजारची सपाट जागा धरली, तशी ते म्हणाले, "तिथं नको भाऊ. रात्री बाराला लाईट येती, मी पाणी सोडणार हाय. बांधाच्या वरल्या अंगाला लाव." मी विचारलं नसतं तर मध्यरात्री पाण्यात असतो. थ्री फेज लाईट रात्रीची असली की आपल्याकडची माणसं हातात बॅटरी घेऊन रात्रभर पाण्याची दारं धरतात. पाहुण्यानं त्या वाटेत झोपू नये. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारतो. पाणी कुठल्या बाजूला सुटणार आहे? आणि रानडुकरांसाठी कुठं तारेत करंट सोडलाय का? दुसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच. ती तार अंधारात दिसत नाही आणि तिनं माणसं गेली आहेत.

बाभळीखाली तंबू नको, हे वेगळं सांगायला नको असं वाटत होतं. पण सकाळी निघताना मीच गाडी बाभळीखालून काढली. तुळजापूर यायच्या आत मागचं चाक बसलं. चाक काढलं, ट्यूब काढली, काटा सापडला तो टायरला आतून बोटांनी चाचपल्यावर. तो काढल्याशिवाय नवी ट्यूब घालणं म्हणजे पुन्हा तेच. पहिल्या खेपेला हेच झालं असतं तर आधी एकेचाळीस किलो सामान रस्त्याच्या कडेला उतरवावं लागलं असतं. आता पडशी उचलून झाडाच्या फांदीला टांगली. चाळीस मिनिटांत चाक फिरत होतं. टायरनं हात काळे झाले होते, पण मनाला फार बरं वाटलं.

तिसरी रात्र येरमाळ्याहून कळंबकडे जाताना एका गुऱ्हाळावर. येडशीला रामलिंगाचं अभयारण्य लागतं, तिथं मन ओढतं, पण अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करायचा नसतो. दर्शन घेऊन पुढं निघालो. गुऱ्हाळाच्या मालकांनी वाळलेली चिपाडं पसरलेल्या जागेकडे बोट दाखवलं. भट्टीच्या ठिणग्यांपासून लांब, वाऱ्याच्या उलट अंगाला तंबू लावला. खाली वीतभर चिपाड, त्यावर घोंगडी, त्यावर फोम. त्या रात्री स्लीपिंग बॅगची चेन उघडून झोपलो. आबांच्या तुराट्या-कडब्याचा थर मला पुन्हा मिळाला होता.

शेजारी बीडकडच्या ऊसतोड माणसांच्या कोप्या होत्या. सहा महिन्यांचा संसार एका ट्रॉलीत आणतात. त्यांच्या कष्टाशी माझ्या हौसेची तुलना करणार नाही, ती होऊच शकत नाही. पण तिथल्या एका मावशींना मी विचारलं, ट्रॉली भरताना खाली काय, वर काय? त्या म्हणाल्या, "उतरल्या उतरल्या काय लागतं ते वर. तवा, घागर आन् लेकराची वाकळ." मी तंबू पडशीच्या पट्ट्याखाली बांधत होतो. रोज संध्याकाळी आधी पडशी सोडायची, मग तंबू. सकाळी त्यांच्या सांगण्यासारखं उलटं बांधलं: तंबू सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर.

निघताना मालकांनी गुळाची ढेप पुढं केली. पहिल्या खेपेला मी नको म्हटलं असतं, ठेवायला जागाच नव्हती. यावेळी कडक भाकरी संपल्या होत्या, कप्पा अर्धा रिकामा होता. पुढं एका ओळखीच्या शेतात हुरड्याची कणसं मिळाली, तीही घातली. दुपारी यार्डात पोचलो. पाणी ओतून टाकलं आणि पडशी, तंबू काट्यावर ठेवले. निघतानाचे साडेबारा होते, आता १५ किलो १०० ग्रॅम.

हमाल मामांनी पडशी एका हातानं उचलून पाहिली, कप्प्यात हात घालून एक कणीस काढलं आणि म्हणाले, "ह्यातलं गूळ तेवढं उजव्या अंगाला नका ठेवू. सायलेन्सरनं पाघळतंय."